हातभर रस्ता

आमच्या शहरात सायकल चालवणाऱ्या बाईच्या दोन तक्रारी असतात आणि त्या एकदमच असतात. पहिली म्हणजे लोक फार बघतात. दुसरी म्हणजे आपण कुणाला दिसतच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई उगाच काहीतरी बोलतेय, एक काय ते ठरव. पण ज्यांनी गर्दीच्या वेळी पैठण गेटपासून क्रांती चौकापर्यंत सायकल हाणलीय त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. चहाच्या टपरीवर उभा असलेला माणूस आपल्याला नजरेनं पार पुढच्या वळणापर्यंत पोचवून येतो. आणि त्याच मिनिटाला मागून आलेला रिक्षावाला हँडलला घासून पुढे जातो, अचानक थांबतो, आणि वर म्हणतो, "दिखे नहीं ताई!"

मी औरंगपुऱ्यात राहते. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर होतात. गेली अकरा वर्षं, पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर, मी सायकलनंच जाते. हे काही पर्यावरणासाठी वगैरे सुरू केलं नव्हतं. गुडघे दुखायला लागले, डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, आणि मी आज्ञाधारक आहे. :) असो.

आता हे लिहायचं कारण माझी भाची. नववीत आहे. तिला क्लासला सायकलनं जायचंय आणि माझ्या बहिणीनं ही शिकवणी माझ्याकडे सोपवली आहे. सोबत एक अटही घातली. "तिला नीट सांग, अगदी कडेकडेनं जायचं. कुणाच्या मध्ये यायचं नाही, मान खाली घालून गुपचूप जायचं आणि यायचं." ताईचा जीव तुटतो म्हणून ती असं म्हणते, हे मला कळतं. पण रस्त्यावर सायकल चालवायची असेल तर या वाक्यातली प्रत्येक गोष्ट चुकीची आहे असं माझं ठाम मत झालेलं आहे. ते ताईला तोंडावर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

आधी 'कडेकडेनं' म्हणजे काय ते बघू. नकाशावर रस्त्याला कड असते. औरंगपुऱ्यात रस्त्याच्या डाव्या कडेला आधी लावलेल्या मोटारसायकलींची तिरकी रांग असते. तिला खेटून कार. कारच्या पुढे केळ्यांची हातगाडी. मंडईच्या बाजूला तर रस्त्याची कड कुठली आणि दुकान कुठलं हे भाजीवाल्यालाही सांगता येणार नाही. मग मध्येच प्रवाशासाठी थांबलेली रिक्षा, मग ड्रेनेजचं झाकण, मग खोदकाम बुजवताना राहिलेली खडी. जून महिन्यात शाळा उघडायच्या सुमारास पुस्तकांच्या दुकानांसमोर जी झुंबड असते तिच्याबद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे कडेनं जाणारी मुलगी सरळ कधीच जात नाही. ती वीस पावलं कडेनं जाते, मग समोर कार लावलेली दिसली की बाहेर येते, कार संपली की पुन्हा आत जाते, पुन्हा रिक्षा आली की बाहेर. नागासारखी वळवळत चाललेली असते बिचारी. आणि प्रत्येक वेळी बाहेर येताना ती मागच्या माणसाच्या दृष्टीनं नसलेल्या जागेतून उगवते. एक क्षण आधी ती लावलेल्या कारमागे झाकलेली होती, आता ती त्याच्या चाकासमोर आहे.

शिवाय दरवाजे. निराला बाजारच्या बाजूला किंवा समर्थनगरात लावलेल्या कारचा दरवाजा कधी उघडेल याचा काही नेम नसतो. पूर्ण उघडला की तो साधारण तीन फूट बाहेर येतो. दरवाजाला धडकून होणारी इजा एक वेळ परवडली, पण माणूस दरवाजा चुकवायला म्हणून उजवीकडे झोकांडी घेतो आणि तिथे सिटी बस असते.

म्हणून माझा नियम असा आहे: लावलेल्या गाड्यांपासून एक पूर्ण दरवाजा उघडेल इतकं अंतर सोडायचं, आणि त्या रेषेत सरळ जायचं. दोन गाड्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरायचं नाही. एवढा हातभर रस्ता आपला आहे. तो कुणाकडून मागून घ्यायचा नाही आणि कुणी हॉर्न वाजवला म्हणून सोडायचाही नाही.

हॉर्नबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. मागून कुणी हॉर्न वाजवला की नवीन सायकलवाला दचकतो आणि डावीकडे सरकतो. मला हॉर्न ऐकला की बरं वाटतं. गंमत नाही करत. जो हॉर्न वाजवतोय त्याला मी दिसलेय. तो चिडलाय, त्याला उशीर झालाय, मनातल्या मनात तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय, पण मी त्याला दिसलेय आणि त्यामुळे तो माझ्या अंगावर गाडी घालणार नाही. भीती असते ती हॉर्न न वाजवणाऱ्याची. मोबाईल मान आणि खांद्यामध्ये धरून येणाऱ्याची. आणि आता या इलेक्ट्रिक स्कूटर आल्यापासून तर कानांवर भरवसाच ठेवता येत नाही. पूर्वी इंजिनाच्या आवाजावरून मागे काय आहे, किती लांब आहे, याचा अंदाज यायचा. आता शेजारून सावली सरकते तेव्हा कळतं.

आता 'मान खाली घालून'.

आमच्या पिढीतल्या मुलींना रस्त्यावर कसं चालायचं हे फार लवकर शिकवलं गेलं. कुणाच्या डोळ्यात बघायचं नाही. मागे वळून बघायचं नाही, बघितलं तर त्याला वाटेल की... वगैरे. मीही गुलमंडीतून टिळक पथावरून शाळेला अशीच जायचे, चपलांकडे बघत. हा धडा चालणाऱ्या मुलीचा किती बचाव करतो मला माहीत नाही, पण सायकलवर तो सरळ जिवावर बेततो. कारण सायकलला आरसा नसतो, इंडिकेटर नसतो, ब्रेक लावल्यावर पेटणारा दिवा नसतो. तिच्याकडे दुसऱ्याला काही सांगायला दोनच गोष्टी असतात, चालवणाऱ्याचा हात आणि चालवणाऱ्याची मान.

हात दाखवून वळावं हे शाळेत शिकवतात. मानेचं कुणी शिकवत नाही. माझा अकरा वर्षांचा अनुभव असा की हातापेक्षा मान जास्त काम करते. क्रांती चौकाच्या अलीकडे मला उजवीकडची लेन घ्यायची असेल तर मी आधी मान पूर्ण वळवून मागच्या माणसाच्या तोंडाकडे बघते. ओझरतं नाही, नीट बघते. दहातले आठ जण तेवढ्यानं वेग कमी करतात. असं का होतं, तर माझा तर्क असा आहे की पाठ ही वस्तू असते आणि चेहरा हा माणूस असतो. पाठीला कट मारता येतो. आपल्याकडे बघणाऱ्या माणसाला कट मारायला जरा निर्ढावलेपणा लागतो, आणि सकाळी साडेनऊ वाजता बहुतेक लोक तितके निर्ढावलेले नसतात.

भाचीला हे सांगितलं तर तिनं लगेच विचारलं, "मावशी, पण तो मग बघतच राहिला तर?" प्रश्न रास्त आहे. नववीतल्या मुलीला हा प्रश्न पडावा याचं वाईट वाटलं, पण रास्त आहे. तिला म्हटलं, त्याच्या डोळ्यांत काय आहे ते तू वाचायचं नाहीस, त्याच्या गाडीचा वेग कमी झाला की नाही एवढंच बघायचंस. झाला की वळायचं आणि विसरायचं. तिचं पूर्ण समाधान झालं नाही. माझंही झालेलं नाही, पण बघणाऱ्या नजरांना घाबरून मान खाली घालायची आणि मग न बघणाऱ्या बसखाली जायचं, यापेक्षा मला पहिला त्रास परवडतो.

यावरून एक मजेशीर गोष्ट आठवली. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात इयन वॉकर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी २००६-०७ च्या सुमारास सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावलं आणि स्वतः रस्त्यावर सायकल चालवत, मागून पुढे जाणाऱ्या गाड्या आपल्यापासून किती लांबून जातात ते मोजलं. हेल्मेट घातलं तेव्हा गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. मग या गृहस्थांनी लांब केसांचा विग घातला, म्हणजे मागून बाई वाटावी म्हणून! तेव्हा गाड्यांनी सरासरी चौदा सेंटिमीटर जास्त जागा सोडली. या अभ्यासावर पुढे बरेच वाद झाले, त्या आकड्यांचा अर्थ असा लावू नका तसा लावा वगैरे. माझी वेणी चांगली लांब आहे पण जालना रोडवर तिच्यामुळे कुणी चौदा सेंटिमीटर सोडल्याचं जाणवलेलं नाही. :) हेल्मेट मात्र मी घालते. ते पडल्यावर डोक्यासाठी आहे. पडू नये म्हणून करायच्या गोष्टी वेगळ्या, आणि हेल्मेट घातलं म्हणजे त्या केल्या असं होत नाही.

हे सगळं झालं दिवसाचं. अंधार पडल्यावर मान आणि हात दोन्ही बिनकामाचे होतात.

माझे वडील सांगायचे की त्यांच्या तरुणपणी रात्री दिव्याशिवाय सायकल दिसली की पोलीस अडवायचे, चाकातली हवा सोडून द्यायचे, आणि मग माणूस हातात सायकल धरून घरी यायचा. डबल सीटवरही तीच शिक्षा. म्हणून मग डायनामो. टायरला घासत कुर्रर्र आवाज करत फिरायचा आणि पायडल मारू तितका उजेड पडायचा. चढावर, म्हणजे उजेडाची सगळ्यात जास्त गरज असायची तेव्हा, दिवा मंद व्हायचा आणि थांबलं की विझायचा. आम्ही हसायचो त्याला. पण विचार केला तर त्या काळात रस्त्यावरच्या सायकलींची संख्या इतकी होती की सायकलवाल्याला दिवा लावायला लावणं हे सरकारला महत्त्वाचं वाटत होतं. आता कोणता पोलीस सायकलवाल्याला अडवतो? मी अकरा वर्षांत एकदाही अडवली गेलेली नाही. आम्ही दंड करण्याच्याही लायकीचे उरलो नाही.

मधल्या काळात बाकीच्यांचे दिवे मात्र वाढले. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींना सतत चालू राहणारा हेडलाईट सक्तीचा झाला. गाडी सुरू केली की दिवा लागतो, बंद करायचं बटणच नाही. तेव्हा रस्त्यात लोक एकमेकांना हातवारे करून "दिवा चालू आहे, दिवा चालू आहे" सांगायचे ते आठवत असेल. हेतू चांगला आहे, दुचाकीस्वार दिसावा हाच. पण याचा एक परिणाम असा झाला की रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांना दिवे शोधायची सवय लागली. दिवा आहे तिथे गाडी आहे, दिवा नाही तिथे रिकामी जागा आहे. त्या रिकाम्या जागेत सायकलवाला असतो.

रिफ्लेक्टरबद्दलही थोडं सांगते, कारण लोक मागच्या मडगार्डवरच्या त्या लाल भिंगावर फार विसंबून राहतात. २०२० साली केंद्र सरकारनं सायकलच्या रिफ्लेक्टरच्या दर्जासाठी एक स्वतंत्र आदेशही काढला, म्हणजे ती गोष्ट महत्त्वाची आहेच. पण तो स्वतः उजेड देत नाही. त्याच्यावर पडलेला उजेड तो जिथून आला तिथेच परत पाठवतो. म्हणजे मागून येणाऱ्या ज्या गाडीचा दिवा थेट त्याच्यावर पडतो त्याच गाडीवाल्याला तो दिसतो. बाजूच्या गल्लीतून बाहेर येणाऱ्याला तो दिसत नाही, दिवा फुटलेल्या ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही, आणि त्यावर धूळ बसली असेल तर कुणालाच दिसत नाही. आपल्याकडची धूळ माहीत आहे ना? मी दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसते, देवाची भांडी घासावीत तशी.

म्हणून मागे स्वतःच्या उजेडाचा लाल दिवा आणि पुढे पांढरा. चार्जिंगचे छोटे दिवे आता सायकलच्या कुठल्याही दुकानात मिळतात. मागचा उघडझाप करणारा चालेल, पुढचा मी स्थिर ठेवते. उघडझापीनं लक्ष जातं हे खरं, पण समोरच्याला आपण किती लांब आहोत याचा अंदाज घ्यायला स्थिर उजेड लागतो. आणि दिवा जोडीला रेडियम. आपल्याकडे चमकणाऱ्या पट्टीला रेडियमच म्हणतात, तिचा खऱ्या रेडियमशी काही संबंध नाही, पण 'परावर्तक पट्टी' म्हटलं तर दुकानदार तोंडाकडे बघत बसेल. ट्रकवर नंबर आणि 'आई-बाबांचा आशीर्वाद' चिकटवून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा आणि उरलेले तुकडे माग, असं मी भाचीला सांगितलं. मडगार्डला लाव, पायडलच्या कडांना लाव, आणि एक पट्टी घोट्याला बांध. पाय वर-खाली होतात तेव्हा ती पट्टीही वर-खाली होते, आणि मागच्याला लगेच कळतं की हा खांब नाही, कचरापेटी नाही, पायडल मारणारा माणूस आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे तपासूनही पाहिलंय, घोट्याला आणि गुडघ्याला पट्टी असली की रात्री चालक सायकलस्वाराला जास्त चांगलं ओळखतात. शिवाय सलवार चेनमध्ये जात नाही, हा आमचा बायकांचा वेगळा फायदा.

दिव्यांच्या बाबतीत डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ साली मोठा प्रयोग झाला होता. जवळजवळ चार हजार सायकलस्वार घेतले, काहींच्या सायकलींना चुंबकावर चालणारे, दिवसाही बंद न होणारे दिवे बसवले. वर्षभरात त्यांचे अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. पुढे तिथेच पिवळ्याधमक जाकिटाचाही अभ्यास झाला, आणि जाकीट घालणाऱ्यांचे दुसऱ्या वाहनाशी होऊन इजा झालेले अपघात निम्म्याच्या आसपास कमी निघाले. छानच आहे. फक्त डेन्मार्कमध्ये मे महिना आपल्यासारखा नसतो. बेचाळीस अंशांत प्लॅस्टिकचं जाकीट घालून मुकुंदवाडीपर्यंत जाऊन दाखवावं कुणीतरी. आपल्याकडच्या बायकांचा पांढरा सनकोट ही माझ्या मते त्याहून शहाणी गोष्ट आहे. सुती असतो, ऊन अडवतो, आणि दिवसा लांबून दिसतो. त्यावरचा तो डोक्याला-तोंडाला गच्च गुंडाळलेला स्कार्फ मात्र मी सोडला. कान झाकले जातात आणि डोळ्यांच्या कडेनं दिसायचं बंद होतं. आपण दिसावं इतकंच आपल्यालाही दिसावं लागतं ना.

एक हिशेब मला भाचीला वहीत मांडून द्यावा लागला, कारण तिच्या मैत्रिणींनी तिला शॉर्टकट शिकवला होता. राँग साईडनं पन्नास पावलं गेलं की चौक टळतो. शिवाय त्यांचं म्हणणं, "समोरून येणारी गाडी दिसते तरी!" ऐकायला पटतं. पण समजा तू ताशी १५ किलोमीटरनं चाललीस आणि मोटारसायकल ४५ नं. ती तुझ्या मागून येत असेल तर तुमच्यातलं अंतर ताशी ३० नं कमी होतं. समोरून येत असेल तर ६० नं. तू त्याला २५ मीटरवर दिसलीस तर पहिल्या प्रसंगात त्याच्याकडे तीन सेकंद असतात, दुसऱ्यात दीड. दीड सेकंद तर माणसाला 'अरे!' म्हणून ब्रेककडे पाय न्यायलाच लागतो. नववीचं गणित आहे, तिला लगेच जमलं. पटलं की नाही ते रस्त्यावर कळेल.

इथपर्यंत मी जे सांगितलं ते सगळं सायकल चालवणाऱ्यानं काय करावं याबद्दल आहे. आता खरं जे मला बोलायचंय ते.

आमच्या बिल्डिंगचे रात्रपाळीचे वॉचमन पन्नाशीच्या पुढचे आहेत. जुनी काळी अ‍ॅटलस सायकल आहे. (अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. योगायोग म्हणायचा.) खाकी पँट, निळा शर्ट, थंडीत काळं स्वेटर. ते संध्याकाळी सात-साडेसातला बीड बायपासच्या पलीकडून येतात आणि सकाळी परत जातात. तो बायपास किती माणसं खाऊन बसलाय हे इथल्या कुणालाही विचारा. मी त्यांच्या मागच्या मडगार्डला रेडियम लावून दिलं आणि एक दिवा दिला. दिवा दोन महिने टिकला. मग चार्जिंग राहून जायचं, मग कुणीतरी काढून नेला. ते म्हणाले, "मॅडम, राहू द्या. देवाची इच्छा." मला राग आला, पण त्यांचा नाही.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलवरची होती. ती कोण असतात? माझ्यासारखी डॉक्टरनं सांगितलं म्हणून सायकल चालवणारी बाई त्यात क्वचित असणार. २०११ च्या जनगणनेत कामाला जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलवर जाताना दिसले होते, आणि ते हौसेनं जात नव्हते. वॉचमन, गवंड्याच्या हाताखालचा माणूस, पेपर टाकणारा, कंपनीत कंत्राटावर असलेला. आणि अशा माणसाचा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी येते, तिच्यात एक वाक्य असतं: अंधारात सायकलस्वार न दिसल्याने. झालं. ते वाक्य आलं की पुढचे सगळे प्रश्न बंद. गाडीचा वेग काय होता? अप्पर लावून समोरच्याला आंधळं कुणी केलं होतं? त्या खांबावरचा दिवा किती दिवस बंद होता? 'दिसला नाही' हे मेलेल्या माणसाचं वैगुण्य ठरतं.

ताशी ५० नं जाणारी गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर वीस-एकवीस मीटर नुसतेच गेले, पुढे गाडी थांबायला आणखी पंधरा. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस तेवढ्या लांबून नीट दिसत नाही. मग त्या उजेडात ५० नं का जायचं? आपल्याला जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल इतक्याच वेगानं गाडी चालवावी, ही अपेक्षा जगातली सगळ्यात साधी अपेक्षा आहे. ती आपण चालकाकडून करत नाही. आपण सायकलवाल्याला म्हणतो, जाकीट घाल.

म्हणून दिव्यांचा आणि रेडियमचा प्रचार करताना मला आत कुठेतरी खटकतं. मी सांगते, कारण त्यानं उद्याचा जीव वाचेल. पण सांगता सांगता आपण ही सगळी जबाबदारी ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्या अंगावर ढकलत नाही ना? आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. या कार्यक्रमाचं आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. फार चांगली योजना आहे, कित्येक मुलींची शाळा त्या सायकलीमुळे टिकली असेल. हिवाळ्यात शाळा सुटून जादा तास झाला की त्या पोरी अंधारातच घरी जातात. प्रत्येक सायकलीबरोबर एक चांगला दिवा आणि हातभर रेडियम हा नियमच असावा असं मला वाटतं. सायकलीच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

आणि रस्त्याचं म्हणाल तर २०२० साली केंद्राची 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' स्पर्धा आली तेव्हा आपलंही शहर त्यात उतरलं होतं, क्रांती चौकापासून रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकलसाठी पट्टी आखण्याचा प्रयोग झाला होता. मला पट्टीचं फारसं कौतुक नाही. खरं सांगायचं तर पट्टी जिथे संपते तिथेच सायकलवाला सगळ्यात जास्त अडचणीत येतो. मला विचाराल तर मी जालना रोडवरच्या उड्डाणपुलांची टोकं आधी दुरुस्त करा म्हणेन. मोंढा नाका असो की सेव्हन हिल्स, मी पुलाखालून येते, आणि जिथे पुलावरून उतरणारी वाहतूक खालच्या रस्त्याला मिळते तिथे उतारावरून सुसाट आलेल्या गाड्या माझ्या उजव्या खांद्यामागून येतात. तिथे माझी मान वळवणंही फारसं कामाला येत नाही, कारण पुलाचा कठडा मध्ये असतो. तेवढ्या दोनशे फुटांत मी आजही उतरते आणि सायकल हातात धरून चालते. अकरा वर्षं चालवून. तिथे पुलावरून उतरणाऱ्यांचा वेग कमी करणारी काहीतरी सोय आणि खाली दोन चांगले दिवे, एवढं काम आहे.

भाचीचं म्हणाल तर सध्या तह झाला आहे. खडकेश्वरपर्यंत सायकलनं, तेही आठवडाभर मी मागे. टिळक पथ अजून नाही, ताईनं दिवाळीनंतर बघू म्हटलंय. मागचा दिवा घेतला, पुढचा घ्यायचा आहे. काल ती पहिल्यांदा पुढे आणि मी मागे अशी गेली. महात्मा फुल्यांच्या पुतळ्याच्या चौकात तिनं लावलेल्या गाड्यांपासून अंतर सोडलं, मान वळवली, आणि मागच्या रिक्षावाल्याकडे इतका वेळ बघितलं की त्यानंच गोंधळून हात केला, जा बाई जा म्हणून. वळून पुढे गेल्यावर मात्र लगेच सवयीनं कडेला शिरली, आणि पुढच्या हातगाडीपाशी पुन्हा बाहेर यावं लागलं. आज संध्याकाळी परत तोच रस्ता करणार आहोत.